नदीकाठाला विचारल्याशिवाय नदीकाठ बांधू नका

पुण्यात नदीवरून सध्या दोन तट पडले आहेत. मुळा, मुठा आणि संगमानंतरची मुळा-मुठा असा सगळा मिळून ४४ किलोमीटरचा काठ सुधारायचा महापालिकेचा प्रकल्प आहे. खर्चाचा अंदाज ४,७०० कोटींच्या घरात. ६ मार्च २०२२ला पायाभरणी झाली आणि तेव्हापासून वाद थांबलेला नाही. एका तटाचं म्हणणं असं की आज काठावर राडारोडा आणि दुर्गंधीशिवाय काय आहे? त्यापेक्षा चालायला वाट, बसायला जागा, चार झाडं झालेली बरी. दुसऱ्या तटाचं म्हणणं, आधी मैलापाणी थांबवा, जुनी झाडं तोडू नका, पात्र आवळू नका. मी दुसऱ्या तटाच्या जवळची आहे, हे आधीच सांगून टाकते. पण दोन्ही बाजूंच्या कागदपत्रांत, निवेदनांत, सभांतल्या भाषणांत एक गोष्ट मला जवळजवळ सापडतच नाही. या काठावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांना नदीबद्दल काय माहीत आहे, हे कुणी विचारलेलं नाही.

माझी मागणी सरळ आहे. नदीच्या ज्या टप्प्यात काम करायचं, त्या टप्प्याचा स्थानिक इतिहास आणि तिथल्या लोककथा आधी गोळा व्हाव्यात. त्या भिंतीवर चित्रं काढायला नकोत, आराखडा तपासायला हव्यात. तोवर तिथे कुदळ पडू नये.

क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतं याच्या, हिशेबात लोककथेचं काय काम, असं ज्यांना वाटतं त्यांनी आंबिल ओढ्याकडे बघावं.

पेशवाईच्या आधीचं पुणं लहान होतं आणि त्याची पश्चिमेकडची शीव म्हणजे हा ओढा. कात्रजच्या डोंगरातून उतरायचा आणि आजच्या बाजीराव रस्त्याच्या आसपासून वाहत मुठेला मिळायचा. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याला बांध घालून तळं केलं आणि ओढा पश्चिमेला वळवला. आज तो दांडेकर पुलाखालून जातो. त्यांच्याच काळात कात्रजला तलाव झाले, दगडी नळातून पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत आलं, वाटेत पेठापेठांत हौद झाले. पर्वतीच्या तळ्यात पुढे सवाई माधवरावांच्या काळात गणपती बसला. नंतर कधीतरी तळं आटलं, सारसबाग झाली, आणि ‘तळ्यातला गणपती’ हे नाव तेवढं मागे राहिलं.

हे पुण्यात पुष्कळांना माहीत आहे. शाळेच्या सहलीत सांगतात, वारसा फेऱ्यांत सांगतात, दिवाळी अंकांत छापून येतं. पण सांगतात ते नेहमी कौतुकाच्या सुरात: बघा, अडीचशे वर्षांपूर्वी आपल्या माणसांनी केवढी पाणीव्यवस्था उभी केली होती! कौतुक रास्तच आहे. फक्त त्याच गोष्टीचा दुसरा अर्धा भाग कुणी सांगत नाही. माणसाने हाताने वळवलेला ओढा आहे, वर तलाव आहे, डोंगराचा सगळा उतार त्याच्यात रिकामा होतो, तेव्हा त्याला अंग पसरायला जागा लागणार, आणि ती जागा राखणं ही वळवणाऱ्या शहराची कायमची जबाबदारी आहे. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री कात्रजच्या बाजूला प्रचंड पाऊस झाला, ओढा फुगला आणि अरण्येश्वरजवळच्या टांगेवाले कॉलनीपासून खाली दांडेकर पुलापर्यंत घरांत शिरला. पुण्यात आणि आसपास त्या रात्री वीसहून अधिक माणसं गेली. सीमाभिंती कोसळल्या, मोटारी काठावरच्या गाळात उभ्या रुतल्या. ज्या इतिहासाचा आपण अभिमान बाळगत होतो त्याच इतिहासात धोक्याची सूचना होती. ती आपण इतिहास म्हणून वाचली, माहिती म्हणून नाही.

पानशेतचंही असंच झालं आहे, आणि त्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आजच्या पुण्याची सगळ्यात मोठी लोककथा तीच आहे. १२ जुलै १९६१ला सकाळी बांधकाम पुरं न झालेलं पानशेत धरण फुटलं. लोंढ्याने खाली येऊन एकोणिसाव्या शतकातलं खडकवासला धरणही फोडलं. आदल्या रात्रभर लष्कराचे जवान पानशेतच्या भिंतीवर वाळूची पोती रचत होते, हे पुण्यातल्या पंच्याहत्तरी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, काल घडल्यासारखं सांगतील. लकडी पुलावरून पाणी कसं गेलं, नवा पूल, म्हणजे शिवाजी पूल, कसा तगला, देवघरातला टाक घ्यायला माघारी वळलेली माणसं, पर्वतीवर पोरंबाळं घेऊन बसलेली कुटुंबं, दुसऱ्या दिवशी घराघरांत गुडघाभर साचलेला चिखल आणि त्याचा वास. त्यानंतर गोखलेनगर झालं, जनवाडी झाली, सहकारनगरला पूरग्रस्तांच्या सोसायट्या झाल्या. निम्मं आधुनिक पुणं त्या एका दिवसातून उगवलं, असं म्हटलं तरी फार वावगं होणार नाही.

ओळखीतल्या एका कुटुंबाचा नारायण पेठेत वाडा होता. माजघरात चार सागवानी खांब, त्यातल्या एकावर माणसाच्या खांद्याच्या थोडं वर एक लोखंडी खिळा ठोकलेला. त्या खिळ्यापर्यंत पाणी आलं होतं. खिळ्याच्या खालचं लाकूड वरच्यापेक्षा काळपट, रेषा उकललेल्या. हात फिरवला तर खाली खरखरीत आणि वर गुळगुळीत लागायचं. घरातल्या मुलांची उंची त्याच खांबाशी मोजायचे. ‘खिळ्याला लागला की मोठा झाला,’ असं म्हणायचे. वाडा पाडला, इमारत झाली, खांब जुन्या लाकडाच्या वखारीत गेला. नारायण, शनिवार, कसबा, पुलाची वाडी, डेक्कन या पट्ट्यात अशा किती खुणा असतील! कुठे जिन्याची पायरी, कुठे कोनाडा, कुठे देवळाच्या ओट्यावरची रेघ. त्या एकत्र केल्या असत्या तर एका खऱ्याखुऱ्या पुराचा, बोटाच्या मापाने अचूक असा नकाशा हाती आला असता. एकेका वाड्याबरोबर तो नकाशा एकेक तुकडा करत नाहीसा झाला आणि त्याची साधी यादीसुद्धा महापालिकेने केली नाही.

जाणकार इथे हरकत घेतील, आणि ती बरोबर आहे. पानशेतचा पूर धरणफुटीचा होता, पावसाचा नव्हे. त्या उंचीवर रोजचे नियम आखता येणार नाहीत. पण उंची हा त्या आठवणींतला एक भाग झाला. पाणी आधी कुठून शिरलं, कुठल्या बोळातून उलटं फिरलं, कुठे तासाभरात ओसरलं आणि कुठे दिवस दिवस साचून राहिलं, हेही त्याच माणसांना ठाऊक आहे. पूर कुठल्याही कारणाने येवो, जमिनीचा उतार, जुने नाले, बुजवलेले ओहोळ तेच असतात. पूररेषा आखणाऱ्या संगणकाला जे मोजून द्यावं लागतं त्यातलं बरंचसं या आठवणींत आयतं पडलेलं आहे.

त्यानंतर ६३ वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये, खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पहाटे लोक कमरेएवढ्या पाण्यात जागे झाले. मुठेची निळी पूररेषा, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा, ६० हजार क्युसेकवर आखलेली आहे. त्याच्या बऱ्याच खालच्या पाण्याने घरं बुडाली. नदी तीच, पाणी कमी, नुकसान जास्त, याचा अर्थ पात्र अरुंद झालं. तो काठ पूर्वी शेतीचा होता आणि पावसाळ्यात कुठल्या शेतात पाणी चढतं हे त्या शेतांच्या मालकांना पाठ होतं. जमीन विकताना ते ज्ञान सातबाऱ्यावर चढत नाही. फ्लॅट घेणाऱ्याच्या हातात सातबारा येतो, बांधकामाचा परवाना येतो, शेताच्या जुन्या मालकाची आठवण येत नाही.

शहरातल्या काठाबद्दल इतकं. पण मुठा म्हणजे म्हात्रे पुलापासून संगमापर्यंतचं पात्र नव्हे, आणि पुण्याच्या इतिहासाची मोठी खोट माझ्या मते इथे आहे. आपल्या सांगण्यातली नदी ओंकारेश्वराच्या घाटावर सुरू होते आणि संगमावर संपते. तिच्या वरचं खोरं आपल्याला फक्त शनिवार-रविवारी दिसतं, तेही रिसॉर्टच्या खिडकीतून.

टेमघरच्या वरून मुठा येते. पानशेतच्या आंबीचं आणि वरसगावच्या मोसेचं पाणी तिला मिळतं. टेमघर, पानशेत, वरसगाव, खडकवासला या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं आणि त्यावर पुणं जगतं. या खोऱ्यांना शहराआधीची नावं आहेत, मुठे खोरं, मोसे खोरं, आणि पलीकडे कानद खोरं, गुंजण मावळ. बारा मावळांचा हा मुलूख. मोसे खोऱ्याचे देशमुख पासलकर. शिवाजी महाराजांच्या सुरुवातीच्या साथीदारांतले बाजी पासलकर इथलेच. आज वरसगावच्या जलाशयाला त्यांचं नाव आहे. नाव देऊन सन्मान झाला खरा, पण ज्या खोऱ्यातून ते उभे राहिले त्या खोऱ्याची सपाट जमीन, वाटा, पाणवठे त्याच जलाशयाच्या तळाशी आहेत. तिथली गावं उठून कुणी दौंडकडे गेलं, कुणी डोंगराच्या कुशीत वर सरकलं. पानशेतच्या फुगवट्याच्या काठी शिरकोलीला शिरकाई देवी आहे. धरण झालं, माणसं पांगली, तरी देवीमुळे लोक त्या पाण्याकाठी परत येतात. विस्थापितांच्या दृष्टीने गावाचा नकाशा आता देवीपाशी सुरू होतो. देऊळ इकडे होतं, म्हणून आमचा वाडा त्या अंगाला, म्हणून खळं तिथे, असं ते पाण्याकडे बोट दाखवून सांगतात.

मुळेच्या वरच्या अंगाला हेच चाळीस वर्षं आधी घडलं. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशी पेट्यातले, म्हणजे त्या वेळच्या मुळशी महालातले, शेतकरी सत्याग्रहाला बसले. विनायकराव भुस्कुटे, सेनापती बापट त्यांच्याबरोबर होते, घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. तीन वर्षं लढून मावळे हरले. धरण झालं आणि मुळशीचं पाणी सह्याद्री उतरून कोकणात भिऱ्याच्या वीजघराकडे गेलं. पुण्यात सेनापती बापटांच्या नावाचा रस्ता आहे, त्यावर मोठमोठी ऑफिसं आहेत. त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना मुळशी ठाऊक असेल?

ज्यांची गावं बुडाली त्यांनी कागदावर फार काही लिहून ठेवलं नाही. पण त्यांच्या बायकांनी जात्यावर गायलं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां या संशोधकांनी पुण्यात राहून १९८०च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. मुळशी-मावळापासून सुरू झालेलं हे काम महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांत पोचलं आणि एक लाखाच्या वर ओव्यांची नोंद झाली. सीता आणि विठ्ठल यांच्याबरोबरच त्यात भाऊ, सासर, पाऊस, पेरणी, नदी सगळं आहे. पुण्याच्या अगदी उशाशी लोकगीतांचा असा प्रचंड साठा तयार झाला, आणि पुण्याच्या नदीचा विचार करणाऱ्या एकाही सरकारी कागदात त्याचा उपयोग झालेला मला दिसलेला नाही. काम होऊ शकतं, शिस्तीने होऊ शकतं, थोड्या माणसांनी होऊ शकतं, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

आता आसरांबद्दल. साती आसरा म्हणजे पाण्याच्या देवता, डोहाकाठी राहणाऱ्या सात बहिणी. मुठेच्या काठाने शिवण्यावरून खडकवासल्याकडे जाताना एका उंबराखाली त्यांचं एक ठाणं मी पाहिलं आहे. ठाणं म्हणजे ओळीत मांडलेले सात गोटे, सगळ्यात मोठा वीतभर. शेंदराचे इतके थर की दगडाचा आकार बोथट झालेला. पुढे हिरव्या बांगड्या, खणाचा तुकडा, लिंबू, केळीच्या पानाच्या तुकड्यावर वाळलेला दहीभात. मागे उंबराच्या मुळांतून ओल पाझरत होती, भर उन्हाळ्यात. शेजारी शेळ्या चारणाऱ्या एका वयस्क बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “ताई, दुपारच्याला हितं पाण्यात उतरायचं न्हाई. आसरा वढून नेत्यात.” किती खोल आहे, असं विचारल्यावर त्यांनी हाताने दाखवलं: इथवर गुडघाभर, आणि तिथून पुढे एकदम कडा. त्यांच्या लहानपणी दोन पोरं तिथेच गेली होती.

या एका ठाण्यात किती माहिती भरली आहे! पात्र कुठे अचानक खोल होतं, ते. उन्हाळ्यातही न आटणारा पाझर कुठे आहे, ते. आणि त्या उंबराला कुणी हात लावलेला नाही, म्हणजे काठाची माती धरून ठेवणारं एक झाड देवीच्या धाकाने टिकलं आहे, तेही. उद्या तिथे दगडी अस्तर घालून काठ सरळ केला तर गोटे कदाचित बाजूला नेऊन छोट्या संगमरवरी देवळीत बसवतील, वर टाइल्स लावतील, आणि आम्ही श्रद्धेचा मान राखला म्हणतील. पाझर मात्र बुजेल. देवता हलवता येते, ती ज्या कारणासाठी तिथे बसली ते कारण हलवता येत नाही.

हे मी पहिल्यांदा म्हणते आहे असं नाही. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्यात राहून इथल्या टेकड्या पायांनी तुडवत असत. त्यांनी म्हसोबा, मावलाया, वेताळ यांची ठाणी आणि अश्मयुगीन दगडी पाती सापडण्याच्या जागा एकत्र ठेवून पाहिल्या, आणि शेंदूर फासलेला दगड हा फार जुन्या वाटांचा, वस्त्यांचा साक्षीदार असू शकतो हे दाखवून दिलं. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी याच पश्चिम पट्ट्यातल्या देवराया हिंडून पाहिल्या आणि देवाच्या नावाने राखलेल्या रानात किती दुर्मीळ झाडं तगली आहेत त्याच्या नोंदी केल्या. तिघांनीही भाविक म्हणून हे केलं नाही, शास्त्र म्हणून केलं. कोसंबी तर श्रद्धेचे कठोर टीकाकार. तरीही दगडाला शेंदूर का लागला आणि इथेच का, हा प्रश्न त्यांनी टाकून दिला नाही.

सगळ्यात गंभीर आक्षेप वेगळा आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. लोककथा बनवता येतात. त्या वापरून माणसांना हुसकावता येतं, भांडणं लावता येतात. नदीकाठच्या काही जागांच्या कथा दोन समाज दोन तऱ्हांनी सांगतात आणि त्यातून रस्त्यावर तणाव झालेले पुण्याने पाहिले आहेत. शिवाय ज्यांच्या हातात सत्ता त्यांची कथा फलकावर चढते आणि बाकीच्यांची विरून जाते. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणं जाळून गाढवाचा नांगर फिरवला आणि जिजाऊंनी बाल शिवाजींसह सोन्याचा नांगर धरून ते पुन्हा वसवलं, ही कथा पुण्याला प्राणप्रिय आहे आणि असायलाच हवी. पण सोन्याच्या नांगरानंतर जे राबले, कुंभारवेशीचे कुंभार, बुरूड, भोई, नदीवर धुणारे परीट, तालीम-आखाड्याची पोरं, त्यांनी नदीबरोबर चारशे वर्षं कशी काढली, याचा एकही फलक काठावर नाही.

म्हणूनच गोळा करणं आणि निवाडा करणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. लकडी पुलाचं घ्या. पानिपतच्या पराभवानंतर, १७६१ साली, परतणाऱ्या सैन्यासाठी तो घाईघाईने लाकडाचा बांधला असं सांगतात. हरून आलेल्यांना भर वस्तीतून यावं लागू नये म्हणून, असं कुणी सांगतं. त्यांना सन्मानाने लवकर घरी पोचता यावं म्हणून, असंही कुणी सांगतं. दोन्ही लिहून ठेवा. कुणी सांगितलं, कुठे, कधी, त्यांच्या घरात ही गोष्ट कुणाकडून आली, हेही लिहा. मग त्यावर इतिहासकारांना भांडू द्या. पेशवे दफ्तर पुण्यातच आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून पुण्यातच आहे, डेक्कन कॉलेज पुण्यातच आहे. या शहरात कागद तपासणाऱ्यांची उणीव कधीच नव्हती. उणीव आहे ती कागदात न उतरलेलं ऐकून घेणाऱ्यांची. नोंद करताना सांगणाऱ्याच्या नावानिशी, दुसऱ्या पाठासह, तारखेसह केली तर तिचा गैरवापर कठीण होतो. आज ज्या कथा भांडणाला वापरल्या जातात त्या नेमक्या बिननावाच्या, बिनतारखेच्या आणि एकाच पाठाच्या असतात.

यासाठी नवा कायदा लागत नाही. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही करायची आहे, आणि त्या नोंदवहीत लोकांचं पारंपरिक ज्ञानही यायचं आहे. बहुतेक ठिकाणी हे काम एखाद्या संस्थेला ठेका देऊन, झाडापक्ष्यांच्या याद्या जोडून उरकतात. त्याच वहीत नदीचा भाग वाढवा: डोह, उतार, पाझर, मळईची जमीन, पुराच्या खुणा, आसरांची आणि म्हसोबाची ठाणी, नदीतले मासे आणि ते कधीपासून दिसेनासे झाले, बुडालेल्या वाटा. मरळ, वाम कुठे सापडायचे हे भोई-कोळ्यांच्या घरांत अजून माहीत आहे. आणि मुख्य म्हणजे या नोंदीला वजन द्या. नदीच्या कामाचा आराखडा करणाऱ्या अभियंत्याने त्या टप्प्यातली प्रत्येक नोंद वाचून लेखी उत्तर द्यावं: हा पाझर आराखड्यात असा राखला आहे, ही पुराची खूण आम्ही अशी तपासली, हे ठाणं जागेवरच ठेवलं आहे, किंवा ही माहिती आम्ही या या कारणाने बाजूला ठेवतो. नाकारायचा अधिकार असू द्या, न वाचण्याचा असू नये.

सुरुवात कुठून करायची, तर २०१७ मध्ये आणि २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या गावांपासून. शिवणे, उत्तमनगर, नांदेड, कोंढवे-धावडे, कोपरे, खडकवासला. ही गावं नदीला लागून आहेत, तिथली गावठाणं अजून जिवंत आहेत, आणि ग्रामपंचायत गेल्यामुळे गावाचं म्हणणं मांडायची रीतसर जागाच उरलेली नाही. प्रभागात हजारो नवे मतदार आहेत, त्यांत गावठाणाचा आवाज पाण्यात मीठ विरघळावं तसा विरघळतो. पाच-दहा वर्षांत इमारती पात्राला भिडतील आणि मग विचारायला कुणी उरणार नाही. १९६१ मध्ये जी मुलं दहा वर्षांची होती ती आज पंच्याहत्तरीत आहेत. त्यांच्यासाठी पुढच्या अंदाजपत्रकाची वाट पाहता येत नाही.

काम करायला महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं आहेतच, पण फक्त त्यांच्यावर सोडू नये. गावातल्याच दोन-तीन स्त्रियांना मानधन देऊन, शिकवून हे काम द्यावं. बायका बायकांना सांगतील ते बाहेरच्या पोराला सांगणार नाहीत. जात्यावरच्या ओव्यांच्या कामात हे पुरतं दिसून आलं आहे. शिरकोलीला, मोसे खोऱ्यात, मुळशीच्या काठच्या वाड्यांवर कातकरी आणि धनगर वस्त्यांत वेगळं जावं, पाटलाच्या ओट्यावर सगळ्यांना बोलावून नव्हे. जे सांगायचं नाही, देवाचं म्हणून राखायचं आहे, ते न लिहिण्याचा हक्क सांगणाऱ्याचा असावा. वही तयार झाली की ती प्रभाग कार्यालयात पूररेषेच्या नकाशाशेजारी ठेवावी, मराठीत, कुणालाही मागितल्याबरोबर बघता येईल अशी. आणि ज्यांनी सांगितलं त्या प्रत्येकाच्या घरी तिची एक प्रत पोचती करावी, म्हणजे चुकलेलं दुरुस्त करायला ते स्वतःच कार्यालयात येतील.